पाऊस आणण्यासाठी लावलेले झाड

जगातील गवताळ प्रदेशांची यादी आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेली असते : आशियात स्टेप, दक्षिण आफ्रिकेत व्हेल्ड, दक्षिण अमेरिकेत पंपास आणि उत्तर अमेरिकेत प्रेअरी. त्या यादीखाली एक वाक्यही ठरलेले असते, की पाऊस बेताचा असल्यामुळे येथे झाडे वाढत नाहीत, गवत वाढते. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण उत्तर अमेरिकेतील मोठ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या वृक्षांपैकी एक वृक्ष याच प्रेअरीचा मूळ रहिवासी आहे, असे सांगितले तर चौकस विद्यार्थी लगेच विचारील, "मग पुस्तकातले वाक्य चूक का?"

या वृक्षाचे नाव कॉटनवूड. कॅन्सस (१९३७), वायोमिंग (१९४७) आणि नेब्रास्का (१९७२) या तीन राज्यांनी त्याला आपला राज्यवृक्ष मानले आहे. गेल्या दोनशे वर्षांत माणसांनी या झाडावर बऱ्याच आशा ठेवल्या, त्याच्यासाठी कायदे केले, कोट्यवधी रोपे लावली. त्यांतली कित्येक मेली आणि काही जगली. का मेली आणि का जगली हे पाहू लागलो, की त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. आपण ही कहाणी झाडापासूनच सुरू करू.

नदीकाठचा रहिवासी

कॉटनवूडचे शास्त्रीय नाव पॉप्युलस डेल्टॉइडिस. पान त्रिकोणी, म्हणजे ग्रीक लिपीतील डेल्टा या अक्षराच्या आकाराचे, म्हणून डेल्टॉइडिस. पानाचा देठ चपटा असल्याने जराशा वाऱ्यानेही पाने पिंपळासारखी सळसळतात. याच प्रजातीतल्या एका हिमालयीन झाडाला तिकडचे लोक 'पहाडी पीपल' म्हणतात, ते याच सळसळीमुळे असावे. वास्तविक पिंपळाशी या झाडांचे जवळचे नाते नाही. ती विलोच्या कुळातली, म्हणजे सह्याद्रीत ओढ्याकाठी दिसणाऱ्या आपल्या वाळुंजाच्या कुळातली आहेत. वाळुंज पाण्याशेजारीच का वाढतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला कॉटनवूडचा स्वभाव निम्मा समजलाच म्हणायचा.

या झाडांत नर आणि मादी वृक्ष वेगवेगळे असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी वृक्षावरची बोंडे उकलतात आणि काटेसावरीच्या म्हाताऱ्यांसारखा पांढरा कापूस हवेत तरंगू लागतो. कॉटनवूड हे नाव त्यावरूनच पडले. या कापसातली बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये शेकड्यांनी बिया मावतात. एवढ्या लहान बीत अन्नाचा साठा तो किती असणार? त्यामुळे बी फार तर आठवडा-दोन आठवडे जिवंत राहते. तेवढ्या काळात तिला ओली, उघडी, गवत नसलेली माती आणि भरपूर ऊन मिळाले पाहिजे.

अशी माती प्रेअरीवर मिळते ती नदीच्या पात्राशेजारी. रॉकी पर्वतावरचे बर्फ वितळून वसंतात आलेला पूर ओसरू लागतो, तेव्हा नव्या गाळाचे आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. कॉटनवूडचे बी साधारण याच सुमारास उडते. रुजलेले रोप आपले मूळ खाली सरकणाऱ्या पाण्याच्या पातळीमागून पाठवत राहते. पाणी मुळापेक्षा वेगाने खाली गेले तर रोप मरते. ज्या रोपाने भूजल गाठले, त्याची वाढ मात्र थक्क करणारी असते. चांगल्या जागी ते पहिली काही वर्षे वर्षाला दीड-दोन मीटर उंच होते, आणि मोठेपणी तीस मीटरच्या आसपास जाते.

तेव्हा पुस्तकातले वाक्य पावसाबद्दल बोलते आणि कॉटनवूड जगतो तो नदीच्या पाण्यावर. भोवतालच्या माळावर वर्षाला ४० ते ५० सेंटिमीटर पाऊस पडला तरी नदीकाठच्या झाडाचे अडत नाही. त्याच झाडाची फांदी पाचशे मीटर अंतरावरच्या उंचवट्यावर लावली तर तिचे काय होईल, हा निराळा प्रश्न आहे. पुढचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

वाळवंटातले एकमेव लाकूड

प्रेअरीवरील मूळच्या लोकांना हे झाड कुठे असते आणि कशाच्या उपयोगी पडते याची नीट माहिती होती. हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेले की ते घोड्यांना कॉटनवूडची कोवळी साल आणि डहाळ्या खायला घालीत. लाकोटा लोकांच्या सूर्यनृत्याच्या विधीत मध्यभागी उभारायचा खांब कॉटनवूडचा असतो. ओमाहा जमातीचा पवित्र खांबही याच लाकडाचा. तो शंभरेक वर्षे हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात होता, आणि १९८९ साली जमातीला परत मिळाला.

१८०४ ते १८०६ या काळात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीने वर गेली. त्यांनी पहिला हिवाळा काढला तो आजच्या नॉर्थ डाकोटात, कॉटनवूडच्या ओंडक्यांनी बांधलेल्या मँडन किल्ल्यात. १८०५च्या वसंतात त्यांनी कॉटनवूडची खोडे कोरून सहा होड्या केल्या. पुढे जूनमध्ये मिसुरीचे मोठे धबधबे लागले. होड्या जमिनीवरून सुमारे तीस किलोमीटर ओढून न्यायच्या, तर चाके हवीत. सुमारे २२ इंच व्यासाचे एक कॉटनवूड मिळाले आणि त्याच्या चकत्यांची चाके झाली. याच मापाचे दुसरे निरोगी झाड वीस मैलांच्या परिसरात सापडेलसे वाटत नाही, अशा अर्थाची नोंद लुईसने केली आहे. ही नोंद आम्हांला महत्त्वाची वाटते. हे झाड प्रेअरीवर होते, पण ठरावीक जागी होते आणि मोजके होते.

पुढे ज्यांना लाकूड हवे होते त्या सर्वांची नजर याच झाडावर गेली. १८३०नंतर मिसुरीवर चालणाऱ्या वाफेच्या बोटींनी ते जाळले. १८६०च्या दशकात युनियन पॅसिफिक रेल्वे नेब्रास्कातून पश्चिमेकडे निघाली, तेव्हा रुळांखालच्या स्लीपरांसाठीही ते वापरले गेले. कॉटनवूड हे मऊ लाकूड, जमिनीत लवकर कुजणारे. म्हणून त्यात झिंक क्लोराइड मुरवावे लागे. वसाहतकऱ्यांनी त्याच्या फळ्या काढल्या. त्या वाळताना वाकड्या होत. तक्रार सगळेच करीत आणि वापरीतही सगळेच, कारण दुसरे लाकूड जवळपास नव्हते.

झाडांचा कायदा

१८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन मिळू लागली. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. ओमाहा, पॉनी, लाकोटा अशा जमातींकडून ती तहांनी आणि बळाने घेतलेली होती. १८७०च्या दशकात पॉनी लोकांना नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. नवे शेतकरी आले ते पूर्वेकडच्या वनप्रदेशातून. झाड नसलेली जमीन त्यांना अपुरी वाटे. १८७२ साली जे. स्टर्लिंग मॉर्टन यांच्या पुढाकाराने १० एप्रिलला नेब्रास्कात पहिला 'आर्बर डे', म्हणजे वृक्षदिन साजरा झाला. एका दिवसात दहा लाख झाडे लावली गेली असे सांगतात. १८८५ साली नेब्रास्काने या दिवसाला कायदेशीर सुट्टी दिली. पुढे ही प्रथा शाळाशाळांतून सर्व देशभर पसरली.

१८७३ साली अमेरिकन काँग्रेसने 'टिंबर कल्चर ॲक्ट' संमत केला. नेब्रास्काचे सिनेटर फिनिअस हिचकॉक यांनी तो मांडला होता. १६० एकरांपैकी ४० एकरांवर झाडे लावून ती दहा वर्षे जगवणाऱ्याला त्या जमिनीची मालकी मिळणार होती. दोन झाडांमधले अंतर १२ फुटांपेक्षा जास्त नसावे, अशी अट होती. १८७८ साली कायदा सौम्य केला गेला. ४० एकरांऐवजी १० एकर पुरेसे ठरले आणि मुदत आठ वर्षांची होती. मात्र एकरी २७०० झाडे लावायची आणि शेवटी एकरी ६७५ जिवंत दाखवायची, असे ठरले.

येथे थोडे अंकगणित करू. वर्गातही हे गणित देता येईल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. १२ फूट अंतराने लावल्यास प्रत्येक झाडाला १४४ चौरस फूट जागा मिळते आणि एकरात सुमारे ३०२ झाडे बसतात. २७०० झाडे लावायची तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १६ चौरस फूट, म्हणजे चार फूट बाय चार फूट जागा येते. जेथे पाण्याची मुळात टंचाई, तेथे कायद्याने एकाच एकरातल्या पाण्याला नऊपट वाटेकरी आणून बसवले! तीन-चतुर्थांश झाडे मरणार हे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरलेले दिसते.

लावायचे कोणते झाड? बहुतेकांनी कॉटनवूड निवडले. नदीच्या वाळूतून त्याची रोपे गाडीभर उपटून आणता येत, आणि ती जवळजवळ फुकट पडत. नुसती फांदी ओल्या जमिनीत खोचली तरी फुटे. पहिली तीन-चार वर्षे वाढही डोळ्यांत भरणारी होई. शेतकऱ्याला वाटे, एवढ्या जोमाने वाढणाऱ्या झाडाला ही जमीन मानवलीच आहे.

येथेच फसगत होती. झपाट्याने वाढणारे झाड पाणीही झपाट्याने वापरते. मोठे कॉटनवूड उन्हाळ्यात दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडते. माळावरच्या मातीत साठलेला ओलावा पहिल्या वर्षांत पुरला. झाडे मोठी झाली तसा तो संपला. त्यात या झाडाच्या जलवाहिन्या फार नाजूक असतात. पाण्याचा ताण थोडा वाढला तरी त्यांत हवेचे बुडबुडे शिरून त्या बंद पडतात. फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. नदीकाठी जे झाड दणकट दिसते, तेच उंचवट्यावर पहिल्या मोठ्या अवर्षणात मान टाकते.

नांगरामागून पाऊस

या कायद्यामागे लाकडाची गरज होती, तशीच एक 'शास्त्रीय' समजूतही होती. झाडे लावली आणि जमीन नांगरली की पाऊस वाढतो, असे तेव्हा अनेक शिकलेली माणसे मानत. नेब्रास्का विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युएल ऑघी यांचे म्हणणे असे, की नांगरलेली माती पावसाचे पाणी जास्त शोषते, ते पुन्हा हवेत जाते आणि पाऊस होऊन परत येते. चार्ल्स डॅना विल्बर यांनी १८८१च्या आपल्या पुस्तकात 'पाऊस नांगरामागून येतो' असे त्याचे सूत्र बनवले.

ही समजूत कशी पसरली हे शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७०च्या दशकात आणि १८८०च्या सुरुवातीला तेथे पाऊस खरोखरच नेहमीपेक्षा बरा झाला. त्याच वर्षांत लोक आले, जमीन नांगरली गेली, झाडे लागली. दोन गोष्टी बरोबर घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरली. शिवाय हा निष्कर्ष सर्वांच्या सोयीचा होता : जमीन विकणाऱ्यांच्या, रेल्वेच्या आणि आशेने आलेल्या शेतकऱ्यांच्याही.

भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ सालच्या शुष्क प्रदेशांवरील अहवालात वेगळे सांगितले होते. साधारण १००व्या पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे वर्षाला २० इंचांहून, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरहून कमी पाऊस पडतो. तेथे सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा धरता येणार नाही. हे ऐकायला फार कोणी तयार नव्हते. १८९०च्या दशकात मोठी अवर्षणे आली. हजारो कुटुंबे शेते सोडून परत पूर्वेकडे गेली. टिंबर कल्चर कायदा १८९१ साली रद्द झाला. त्याखाली केलेल्या दाव्यांपैकी बहुतेक पुरे झालेच नाहीत. काही लोकांनी तर झाडे लावण्याचे निमित्त करून नुसती जमीन अडवून ठेवली होती. जी कॉटनवूडची राई टिकली, ती मुख्यतः ओढ्याकाठी किंवा भूजल उथळ होते तेथे.

पाऊस नव्हे, वारा

झाडांची दुसरी मोठी मोहीम निघाली ती १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३४ साली वृक्षपट्ट्यांची योजना जाहीर केली. १९३५ ते १९४२ या काळात नॉर्थ डाकोटापासून टेक्सासपर्यंत सहा राज्यांत सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. पट्ट्यांची एकूण लांबी भरली सुमारे ३०,००० किलोमीटर.

आधीच्या कायद्याहून येथे एक मूलभूत फरक होता. योजनेचे वनशास्त्रज्ञ पाऊस वाढेल असे म्हणत नव्हते. त्यांनी मागितले ते एवढेच, की वारा अडावा. कार्लोस बेट्स यांनी १९११ सालीच वाताडांच्या परिणामांची मोजमापे प्रसिद्ध केली होती. पट्ट्याच्या आडोशाला झाडांच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर लक्षात येण्याइतका कमी होतो. पट्ट्यालगतच्या काही ओळींतील पीक मात्र झाडांची मुळे पाणी ओढून घेत असल्याने खुरटते. लाभ किती आणि तोटा किती, दोन्ही मोजलेले होते.

झाडांची निवडही मातीचा पोत आणि भूजल पाहून झाली. दोन्ही कडांना झुडपे, मग मध्यम उंचीची झाडे, आणि मध्यभागी उंच वाढणाऱ्या जाती अशी रचना असे. जेथे मुळांना पाणी मिळण्यासारखे होते तेथे मधल्या ओळींत कॉटनवूड लावले. त्याचे काम ठरलेले होते : लवकर उंच होऊन आडोसा द्यायचा, तोवर सावकाश वाढणारी चिवट झाडे मोठी होतील. १९५४ सालच्या पाहणीत बहुसंख्य पट्टे उभे होते. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातील इंडियन हेड येथील सरकारी रोपवाटिका केंद्रस्थानी ठेवून अशीच योजना १९०१ ते २०१३ अशी शतकाहून अधिक काळ चालली. तिने शेतकऱ्यांना ६० कोटींहून अधिक रोपे दिली.

धरणे आणि कॉटनवूड

लावलेल्या झाडांची ही हकिगत झाली. आपोआप येणाऱ्या झाडांचे काय? विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रेअरीतल्या नद्यांवर मोठी धरणे झाली. नॉर्थ डाकोटात मिसुरीवरील गॅरिसन धरणात १९५३ साली पाणी अडले. डब्ल्यू. कार्टर जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की धरणाखालच्या काठावर जुने कॉटनवूड उभे आहेत, पण त्यांची जागा घेणारी नवी रोपे जवळजवळ येतच नाहीत. पूर थांबला, नदीचे वळणे बदलणे थांबले, नवा गाळ उघडा पडेना. बी मात्र दरवर्षी उडतच होते.

याच जॉन्सन यांनी १९९४ साली नेब्रास्कातल्या प्लॅट नदीबद्दल नेमके उलटे चित्र मांडले. तेथे धरणांमुळे आणि कालव्यांमुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीचा प्रवाह घटला, रुंद व उथळ पात्रातली वाळू उघडी पडली आणि पात्रातच कॉटनवूड व विलोचे रान माजले. त्यामुळे उघड्या पात्रात रात्र काढणाऱ्या क्रौंच पक्ष्यांची जागा आक्रसली. झाड तेच, हस्तक्षेप सारखाच, परिणाम मात्र उलटा. कारण एका नदीत रोपांना उघडी माती मिळेनाशी झाली, तर दुसरीत ती गरजेपेक्षा जास्त मिळाली.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात स्ट्यूअर्ट रूड आणि जॉन माहोनी यांनी या ज्ञानाचा उपयोग केला. पूर ओसरताना पाण्याची पातळी दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटरहून जास्त वेगाने उतरू नये, म्हणजे रोपांची मुळे तिच्याबरोबर खाली जाऊ शकतात, असे त्यांनी १९९८ साली मांडले. धरणाचे दरवाजे एकदम न मिटता हळूहळू मिटले तर एक रोपही न लावता नदीकाठी जंगल उगवू शकते. हे करण्यासाठी झाडाइतकीच नदीही वाचता यावी लागते.

भारतातले कॉटनवूड

या झाडाशी आपलाही संबंध आहे. १९५०च्या दशकात पॉप्युलस डेल्टॉइडिसच्या निवडक वाणांची लागवड उत्तर भारतात सुरू झाली. आज पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या तराईत शेतकरी ते शेताच्या बांधावर आणि शेतातही लावतात. सहा ते आठ वर्षांत झाड तोडायला येते आणि त्याचे लाकूड प्लायवूडला आणि आगपेटीच्या काड्यांना जाते. हरियाणातील यमुनानगर ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. हिवाळ्यात झाडाची पाने गळतात, त्यामुळे त्याखाली गव्हाला ऊन मिळते. हे सर्व जमते, कारण तेथे गाळाची माती आहे आणि कालव्याचे किंवा कूपनलिकेचे पाणी आहे. म्हणजे शेतकऱ्याने झाडाला त्याचा नदीकाठच उपलब्ध करून दिला आहे. मात्र त्या पाण्याचा हिशेब कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. साधारण २८ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला हे झाड चांगले साधत नाही, म्हणून महाराष्ट्रात त्याची शेती दिसत नाही.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. पुस्तकातले वाक्य चूक नाही, अपुरे आहे. एखाद्या प्रदेशाचा सरासरी पाऊस सांगितल्याने तेथल्या प्रत्येक जागेची माहिती मिळत नाही. झाड प्रदेशात राहत नाही, ते एका जागी राहते. कॉटनवूड प्रेअरीचे मूळचे झाड आहे याचा अर्थ ते प्रेअरीवर कुठेही लावावे असा झाला नाही, आणि त्या चुकीची किंमत मोजली ती कायदा करणाऱ्यांनी नव्हे, तर आठ-आठ वर्षे बादल्यांनी पाणी घालणाऱ्या कुटुंबांनी.

आपल्याकडे १९५० साली तेव्हाचे कृषिमंत्री क. मा. मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळा आला की शाळाशाळांतून रोपे लागतात. किती लागली याचा आकडा त्याच संध्याकाळी कळवला जातो. आमची शिक्षकांना एक सूचना आहे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक रोपासाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : हे झाड मुळात कोणत्या जागी वाढते, येथे त्याला एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोठून मिळणार, दोन रोपांत अंतर किती, आणि आज ते जिवंत आहे काय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्याने लिहावे. तीन वर्षांनी जिवंत रोपांचे प्रमाण काढावे आणि ते १८७८च्या कायद्यातल्या ६७५ भागिले २७०० या प्रमाणाशी ताडून पाहावे. ते त्याहून कमी आले तरी हरकत नाही. कोणती रोपे मेली आणि ती कोठे लावली होती, हे त्या पानांवर लिहिलेले असेल. पुढच्या जूनमध्ये खड्डे कोठे खणायचे ते त्यावरून ठरवता येईल.